अनवाणी पाय, पांढरी स्वप्नं : शकिराचा १९९५चा अल्बम

शकिरा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोनेरी केस, २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाचं गाणं आणि कमरेची ती हालचाल येते. तिचा ‘पिएस देस्काल्सोस’ हा अल्बम ऐकायला बसताना हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. इथली शकिरा अठरा वर्षांची आहे. केस काळेभोर, हातात गिटार, भाषा फक्त स्पॅनिश. कमरेवर भिस्त ठेवणारं गाणं यात एकही नाही. आहे ती शब्दांची झड.

आधी निकाल सांगतो. अकरा गाणी, सुमारे चाळीस मिनिटं. पाच गाणी पहिल्या प्रतीची, तीन चांगली, तीन भरतीची. अठराव्या वर्षी स्वतःचे शब्द स्वतः लिहून केलेल्या अल्बमसाठी हा हिशोब फार मोठा आहे. लॅटिन पॉप कधीच ऐकलं नसेल तर सुरुवात इथूनच करावी. मात्र नाचायला काहीतरी हवं म्हणून घेणार असाल तर हा तुमच्यासाठी नाही.

हा अल्बम असा का वाजतो ते कळायला त्याच्या मागचे दोन अल्बम माहीत हवेत. शकिरा कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बारांकियाची, जन्म २ फेब्रुवारी १९७७. वडील लेबनानी वंशाचे. शाळेच्या गायनवृंदात तिला घेतलं नाही. आवाजात कंप फार, बाकीच्यांत मिसळत नाही, शेळीसारखा येतो, असं कारण तिला ऐकावं लागलं. तेराव्या वर्षी सोनी कोलंबियाने तिच्याशी तीन अल्बमचा करार केला. पहिला ‘माहिया’, १९९१चा. त्यातली गाणी तिने आठ ते तेरा या वयात लिहिलेली. त्याच्या जेमतेम हजारभर प्रती खपल्या. दुसरा ‘पेलिग्रो’, १९९३चा. तो तर तिला स्वतःलाच पटला नव्हता. त्याच वर्षी चिलीतल्या विन्या देल मारच्या महोत्सवात तिला तिसरा क्रमांक मिळाला, पण अल्बमची गाडी काही हलली नाही. मग राजधानी बोगोता, ‘एल ओआसिस’ नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेत भूमिका, आणि हाताशी करारातला शेवटचा अल्बम.

‘कोवळ्या वयात एका रात्रीत स्टार’ ही गोष्ट तिच्या बाबतीत खोटी आहे ती इथेच. पहिली दोन रेकॉर्ड पडली. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी गाण्यांची निवड आणि आवाजाचं वळण बरंचसं इतरांच्या हातात गेलं होतं. तिसऱ्या वेळी तिने ते परत घेतलं. सगळे शब्द तिचे, चालींमध्ये वाटा तिचा, आणि सोबतीला निर्माता लुइस फर्नांदो ओचोआ, ज्याने बऱ्याच गाण्यांचं संगीत तिच्याबरोबर बांधलं. ६ ऑक्टोबर १९९५ला अल्बम बाहेर आला. पुढे त्याच्या जगभरात चाळीस लाखांहून जास्त प्रती गेल्या.

अल्बम उघडतो ‘एस्तोय आकी’ने. अर्थ ‘मी इथेच आहे’. प्रियकर परत येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. पत्रं लिहिली आहेत, पाठवलेली नाहीत. ती बसली आहे फोटो आणि वह्यांच्या ढिगात. साधी गोष्ट. पण ध्रुवपद नीट ऐका. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेपटाला सर्वनाम चिकटतं, आणि मग आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. ‘केरिएंदोते’, ‘आओगांदोमे’ : तुझ्यावर प्रेम करत, गुदमरत. असे दोन शब्द पाठोपाठ ठेवले की जीभ आपोआप पुढे घसरते. त्यानंतर लगेच वस्तूंची यादी येते, आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. गुदमरण्याबद्दलचं वाक्य गाताना गाणारीचा श्वास खरोखर संपत आलेला असतो. ही बांधणी योगायोगाने होत नाही. अर्थ आणि फुप्फुस एकाच वेळी थकावेत अशी ती लिहिलेली आहे.

हे गाणं म्हणून बघणाऱ्यांचं हमखास चुकतं ते इथे. लिहिलेली अक्षरं मोजून म्हणायला गेलात तर दुसऱ्याच ओळीत मागे पडाल. स्पॅनिशमध्ये एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर एकत्र होतात. ‘एस्तोय आकी’ कागदावर दोन शब्द आहेत, तोंडात तो ‘एस्तोयाकी’ असा एकच होतो. आधी चाल सोडून नुसते शब्द अर्ध्या वेगात, स्वर जोडत बोलावेत. श्वास ध्रुवपदाच्या आधी पोटभर घ्यावा, मधे चोरून घेतला तर यादीतली एक वस्तू गळतेच. वेग शेवटी वाढवावा. आणि ‘र’ जाड करू नये. शब्दाच्या मधला एकेरी ‘र’ मराठीतल्या ‘र’सारखाच हलका आहे, तिथे आपल्याला आयती सोय आहे. लिहिलेल्या ‘z’चा ‘झ’ किंवा ‘थ’ मात्र अजिबात नको. लॅटिन अमेरिकेत तो सरळ ‘स’ असतो, म्हणून ‘कोरासोन’.

दुसरं ‘आंतोलोहिया’. एकदम संथ. प्रेम संपल्यानंतर त्या माणसाकडून आपण काय काय शिकलो याची ती मोजदाद करते आहे. तक्रार जवळजवळ नाही, हिशोब आहे, आणि तो कृतज्ञ आहे. गायनवृंदाला नको झालेला तो कंप इथे उघड्यावर येतो. ओळीच्या शेवटी आवाज सरळ थांबत नाही, थरथरत खाली उतरतो. मधूनच छातीतल्या आवाजातून डोक्यातल्या आवाजात उडी मारताना एक बारीक तडा जातो. इतर कुणी तो लपवला असता, हिने तो ठेवला. पुढची तीस वर्षं हाच तडा तिची सही होऊन बसला. हेडफोन लावून ऐकलंत तर हे तडे कुठे कुठे आहेत ते मोजता येतात. फोनच्या लहान स्पीकरवर ते दबून जातात आणि गाणं नुसतं गोड वाटतं. तेव्हा या एका गाण्यासाठी तरी बरी साधनं वापरा.

‘उन पोको दे आमोर’ रेगेच्या ठेक्यावर आहे. सोबत जमैकन धाटणीने बोलत गाणारा पुरुष आवाज. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या मुलीला रेगे परका नाही, त्यामुळे ते उपरं वाटत नाही. मधलं गाणं म्हणून छान, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ‘किएरो’मध्ये गिटारला थोडी धार आहे, तेही चांगलं.

पाच ते सात हा पट्टा कच्चा आहे. ‘ते नेसेसितो’, ‘वुएल्वे’, ‘ते एस्पेरो सेंतादा’. तुझी गरज आहे, परत ये, बसून वाट बघते. तिन्हींचा विषय एकाच अंगणातला, आणि तिन्ही एकापाठोपाठ ठेवलेली. सुटी सुटी ऐकली तर ‘ते एस्पेरो सेंतादा’ बऱ्यापैकी उभं राहतं, ओळीत मात्र मन उडतं. बऱ्याच जणांचा अल्बम इथेच सुटतो, आणि पुढे काय होतं ते त्यांच्या कानावर पडतच नाही. उपाय सोपा. पहिल्या ऐकण्यात चारवरून थेट आठवर जा. तिन्ही गाण्यांकडे नंतर सवडीने या.

आठवं म्हणजे शीर्षकाचं गाणं, ‘पिएस देस्काल्सोस, सुएन्योस ब्लांकोस’, अनवाणी पाय आणि पांढरी स्वप्नं. या अल्बमचा कणा. सुरुवात थेट सफरचंद, साप आणि स्वर्गातून हकालपट्टीने. माणूस हजारो वर्षं उघडा, अनवाणी हिंडला, मग त्याने मापात बसवलेलं एक नेटकं जग बांधलं. आणि मग ध्रुवपदात त्या जगाच्या नियमांची जंत्री सुरू होते. शेजाऱ्याला नमस्कार कर. ठरल्या वेळी झोप. जेवताना आवाज करू नकोस. बूट घालूनच राहा. समारंभाला मुलींनी पायमोजे, मुलग्यांनी टाय. नापास झालास तर घरचे काय म्हणतील. बायकांनी तिशीच्या आत लग्न करावं, नाहीतर त्या संतांच्या मूर्तींना कपडे घालत बसतील.

ही शेवटची गोष्ट स्पॅनिशमधला वाक्प्रचार आहे. लग्न न झालेली बाई चर्चमधल्या मूर्ती सजवण्यात आयुष्य घालवते, असा टोमणा. शब्दशः भाषांतर वाचलं तर ओळ विचित्र वाटते आणि सुटून जाते. पुढे पंधराव्या वाढदिवसाचा उल्लेख येतो. तो लॅटिन अमेरिकेत मुलीचा मोठा सोहळा असतो, पाहुणे, उंची शॅम्पेन आणि वॉल्ट्झचे पाठ केलेले पदन्यास. गाणारी स्वतः त्या वाढदिवसाच्या तीनच वर्षं पुढे होती. ती हे दुरून बघून लिहीत नव्हती. नियमांची ही यादी ती रागावून म्हणत नाही हे विशेष. पाढे म्हणावेत तशी एका सुरात, भराभर म्हणते, आणि त्यामुळेच त्यातला जाच अंगावर येतो. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत वाढलेल्या कुणालाही या गाण्याला तळटीप लागणार नाही.

अनवाणी पायांची प्रतिमाही हवेतून आलेली नाही. तिच्या लहानपणी वडिलांचा धंदा बुडाला, घरातल्या वस्तू विकल्या गेल्या. त्यावर मुलगी खट्टू झाली तेव्हा वडिलांनी तिला बागेत नेऊन रस्त्यावर राहणारी, गोंद हुंगणारी, पायात काही नसलेली मुलं दाखवली. १९९७मध्ये कोलंबियातल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी तिने संस्था काढली, तिचंही नाव ‘पिएस देस्काल्सोस’. त्यामुळे हे नाव शोधलं की अल्बम, गाणं आणि संस्था तिन्ही समोर येतात. अल्बम हवा असेल तर नावासोबत गायिकेचं नाव आणि वर्ष टाकावं.

‘पिएन्सो एन ती’ अडीच मिनिटांचंही नाही. येतं आणि जातं. त्यानंतरचं ‘दोंदे एस्तास कोरासोन’ मात्र थांबून ऐकावं. या गाण्याने तर सगळी सुरुवात केली. अल्बमच्या आधी, १९९४मध्ये, ते ‘नुएस्त्रो रॉक’ नावाच्या कोलंबियन संकलनात आलं आणि देशात चाललं. दोन अल्बम पडलेल्या मुलीत दम आहे हे त्या एका गाण्याने दाखवून दिलं. इथेही यादीच आहे. हरवलेल्या माणसाला ती शोधते आहे कपाटात, मुळाक्षरांत, गाडीखाली, इतिहासाच्या पुस्तकांत, स्वतःच्या पैशाच्या पाकिटात, दोन हजार धर्मांत आणि बोतेरोच्या चित्रांत. फर्नांदो बोतेरो हा कोलंबियाचाच चित्रकार, अगडबंब, गुबगुबीत माणसं रंगवणारा. त्या चित्रांत एक हरवलेला मुलगा शोधायचा म्हणजे काय, हे एखादं चित्र डोळ्यांसमोर आणून ऐकलं की ओळ खुलते. यादी करणं ही या लेखिकेची खरी ताकद. भावना सांगत बसण्यापेक्षा वस्तू मोजायच्या. अल्बममधली तिन्ही सर्वांत भक्कम गाणी, पहिलं, आठवं आणि दहावं, याच पद्धतीने बांधली आहेत.

शेवटचं ‘से किएरे, से माता’ लहान मुलांसोबत लावण्याआधी शब्द वाचून घ्यावेत. ब्राउलिओ आणि दाना, दोघं कोवळी. ती चांगल्या घरातली. तिला दिवस जातात. शेजारपाजारी आणि घरचे काय म्हणतील या धास्तीने ती डॉक्टरकडे जाते, आणि त्यातच संपते. शेजारी जिवंत, मुलगी जमिनीखाली. चाल हलकी, ठेका पाय हलवायला लावणारा, आणि खाली हे. १९९५मध्ये कोलंबियात गर्भपाताला कायद्याने कोणतीच सूट नव्हती, काही मोजक्या परिस्थितींत परवानगी मिळायला २००६ उजाडलं. त्यामुळे दाना कुठल्या दारातून आत गेली असेल याची कल्पना तिथल्या ऐकणाऱ्याला लगेच येत असणार. गाण्यात एक दोष आहे आणि तो सांगायलाच हवा. दोष कुणाचा, मुलीचा की तिला घाबरवणाऱ्यांचा, यावर गाणं डगमगतं. काही ओळी तिलाच बोल लावल्यासारख्या ऐकू येतात. पण अठराव्या वर्षी, पॉप अल्बमच्या शेवटी, हा विषय सिंगल म्हणूनही बाहेर काढायला धैर्य लागतं.

आता ध्वनीबद्दल. इथे अल्बमचं वय दिसतं. ढोलाचा आवाज कोरडा आणि ठोकळेबाज, कीबोर्डवरची तंतुवाद्यं खोटी वाटतात, बास बऱ्याच ठिकाणी मागे पडलेला. १९९८च्या ‘दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस’शी शेजारी ठेवून ऐकलं तर फरक लगेच कळतो. तो अल्बम निर्माता एमिलिओ एस्तेफानच्या देखरेखीखाली झाला, त्यातली वाद्यं भरीव आहेत. शिवाय नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या सीडी नंतरच्यांपेक्षा हळू आवाजात भरलेल्या असत. आजच्या गाण्यांच्या यादीत ‘एस्तोय आकी’ मिसळलंत तर ते मरगळलेलं वाटेल. तो दोष गाण्याचा नाही, पातळीचा आहे. सगळ्या गाण्यांचा आवाज समान करण्याची सोय चालू करा, किंवा हा अल्बम सलग वेगळाच लावा आणि आवाज दोन घरं वाढवा. बासचं बटण मात्र फिरवू नका. त्याने बास वाढत नाही, ढोल घोगरा होतो.

कोणती आवृत्ती घ्यावी? मूळ अकरा गाण्यांची. पहिलं ‘एस्तोय आकी’, शेवटचं ‘से किएरे, से माता’ असेल तर बरोबर. १९९७मध्ये रिमिक्सचा स्वतंत्र अल्बम निघाला. त्यात नाचासाठी लांबवलेली रूपं आहेत आणि ब्राझीलसाठी पोर्तुगीजमध्ये गायलेली गाणीही. ब्राझीलने तिला फार लवकर उचलून धरलं होतं, त्याची ती खूण. ‘एस्तोय आकी’ऐवजी ‘एस्तो आकी’ असं काही दिसलं तर तुम्ही पोर्तुगीज गाण्यावर आलात. वाईट नाही, पण पहिलं ऐकणं त्यावर करू नये. लांबवलेल्या रूपांत शब्दांची झड मोडते आणि मुख्य गंमतच जाते.

पहिल्या दोन अल्बमच्या मागे लागणाऱ्यांना एक सूचना. ‘माहिया’ आणि ‘पेलिग्रो’ नंतर रीतसर पुन्हा बाजारात आणले गेले नाहीत. अस्सल जुन्या प्रती विरळा, आणि ज्या सीडी सर्रास ‘जुनी’ म्हणून विकल्या जातात त्यांत चोरट्या नकला भरपूर. छपाई अंधुक, मुखपृष्ठाची अक्षरं फाटलेली, तबकडीच्या मागची बाजू चंदेरीऐवजी निळसर किंवा हिरवट, म्हणजे घरी कॉपी केलेली. केवळ कुतूहलासाठी त्यावर मोठी रक्कम घालू नये. संगीत म्हणून ‘माहिया’ हे एका हुशार मुलीचं वहीतलं लेखन आहे, कीबोर्डवर चढवलेलं. त्यात एक गाणं वडिलांच्या काळ्या चष्म्याबद्दल आहे. मोटारसायकलच्या अपघातात थोरला मुलगा गेल्यावर वडील रडके डोळे झाकायला तो लावायचे. आठ वर्षांच्या मुलीने दुःखाबद्दल न लिहिता चष्म्याबद्दल लिहिलं, पुढच्या याद्यांचं मूळ तिथे सापडतं.

शब्द समोर ठेवल्याशिवाय हा अल्बम निम्माच मिळतो. पण यंत्राने केलेल्या भाषांतरावर सगळा भार टाकू नका. वाक्प्रचार, विशेषतः आठव्या गाण्यातले, त्यात मोडून पडतात. आधी स्पॅनिश शब्द डोळ्यांखालून घालत एकदा ऐकायचं, मग अर्थ वाचायचा, मग परत ऐकायचं. तीन गाणी एका बैठकीला पुरेत : एक, आठ, दहा. दुसऱ्या दिवशी दोन आणि अकरा. मग पूर्ण अल्बम क्रमाने.

त्यानंतर ‘लाद्रोनेस’ आणि मग १२ ऑगस्ट १९९९ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला एमटीव्ही अनप्लग्डचा कार्यक्रम, ज्याला पुढे लॅटिन पॉप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यातल्या अकरांपैकी दहा गाणी ‘लाद्रोनेस’ची आहेत. ‘पिएस देस्काल्सोस’मधून एकच घेतलं आहे, ‘एस्तोय आकी’. मूळ गाणं आणि हे रूप पाठोपाठ लावा. ती आता बावीस वर्षांची आहे, समोर प्रेक्षक आहेत, वाद्यं खरी आहेत, आणि ध्रुवपदातली ती श्वास न घेता म्हणायची यादी आली की ते सगळे तिच्या बरोबरीने म्हणू लागतात.